हातानं दिलेला श्वास

व्हेंटिलेटर न्यायला कंपनीची माणसं आली तेव्हा डॉ. योगिनी दांडगे ओपीडीत एका पोराचा कान बघत होती. ती उठून बाहेर गेली नाही. मशीनच्या चाकांचा आवाज पॅसेजमधून दारापर्यंत गेला, टेम्पोचा फाळका लागला, आणि कुणीतरी "सही कुणाची घ्यायची?" असं विचारलं. सही रामप्रसादनं केली. मग तो आत आला आणि तिच्यासमोरच्या स्टुलावर पेशंटसारखा बसून राहिला. पोराची आई एकदा त्याच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत होती.

चितेगावच्या फाट्यावरचं हे छोटं हॉस्पिटल दोघा नवरा-बायकोनं मिळून उभं केलेलं. रामप्रसाद सर्जन, योगिनी भूलतज्ज्ञ. शहरात दोघांचं चांगलं चाललं असतं. पण रामप्रसाद याच भागातला. त्याचा एक चुलता ट्रॅक्टरखाली सापडला होता आणि शहरात नेता नेता टेम्पोतच गेला होता. तेव्हा रामप्रसाद कॉलेजात होता आणि चुलत्याचं डोकं त्याच्याच मांडीवर होतं. पैठण रोडला लागून कारखाने आणि कारखान्यांच्या मागं खेडी, अशी सगळी वस्ती. प्रेसमध्ये बोटं गेलेला कामगार, डंपरनं उडवलेला मोटारसायकलवाला, छातीत कळ आलेला म्हातारा, साप चावलेली बाई, असे जे शहर गाठेपर्यंत टिकणार नाहीत ते इथं यायचे, आणि त्यातले पुष्कळ जण वाचायचे.

अडचण अशी होती, की तातडीच्या पेशंटला आधी पैसे विचारता येत नाहीत. माणूस रक्तानं भिजून आलेला असतो, त्याला आत घ्यावंच लागतं. मग नातेवाईक म्हणतात, कार्ड आहे, योजनेत बसवा. योजनेत बसवलं की पैसे सरकारकडून यायचे. पहिली काही वर्षं ते आले. नंतर उशिरा येऊ लागले आणि पुढं अडकले ते अडकलेच. कुणाचं कार्डावरचं नाव वेगळं, कुणाचा फोटो पुसट, कुणाच्या फायलीवर नुसता शेरा. औषधवाल्यानं उधारी बंद केली. व्हेंटिलेटरचे हप्ते थकले. फिजिशियन सोडून गेला. त्याच्या मागून नर्सेस गेल्या. अँब्युलन्समधलं सक्शन मशीन बिघडलं ते दुरुस्त करायचं राहून गेलं. ज्या महिन्यात पगार अर्धेच झाले, त्या महिन्यात रामप्रसादनं गेटवर पाटी लावली : तातडीची सेवा तात्पुरती बंद आहे.

"तात्पुरती म्हणजे कधीपर्यंत?" योगिनीनं विचारलं होतं.

"पैसे येईपर्यंत."

"आणि तोपर्यंत कुणी आलं तर?"

"पाटी वाचून पुढं जातील."

"पुढं म्हणजे कुठं, राम?"

त्या रात्री दोघं जेवायला बसले, पण कुणाचंच लक्ष ताटात नव्हतं.

मशीन गेलं त्याच्या पुढच्या आठवड्यातली गोष्ट. भाद्रपदातलं कडक ऊन पडलं होतं. रामप्रसाद अडकलेल्या फायलींसाठी शहरातल्या ऑफिसात गेला होता. दुपारची ओपीडी संपत आली होती, तेवढ्यात गेटातून एक मोटारसायकल सरळ पोर्चमध्ये घुसली. पुढं तिशीतला एक जण, मागं पागोटं बांधलेला म्हातारा आणि दोघांच्या मधे एक बाई. बाईचं डोकं पुढच्याच्या पाठीवर टेकलेलं होतं.

"पाटी वाचली मॅडम," मोटारसायकलवाला गाडी टाकूनच म्हणाला. "पण मायला नागानं धरलंय. दुसरीकडं कुठं नेऊ?"

त्याचं नाव मुंजाबा. जवळच्याच एका कारखान्यात तो पॅकिंगला होता. म्हातारा त्याचा बाप सांडू, आणि बाई त्याची आई द्वारकाबाई. घरची मेंढरं होती. कारखान्यांसाठी घेऊन ठेवलेले, पण अजून काही बांधलेलं नाही असे प्लॉट रस्त्याकडेला पडून होते. तिथं पावसाळ्यात गवत माजतं. सांडू आणि द्वारकाबाई तिथंच मेंढरं चारत. एक कोकरू सिमेंटच्या विटांच्या ढिगात अडकून ओरडत होतं. त्याला काढायला द्वारकाबाईनं ढिगात हात घातला, आणि कोकराच्या आधी हाताला दुसरंच लागलं.

"नागच व्हता," सांडू म्हणाला. "फडा काढून उभा ऱ्हायलेला म्या पाह्यला."

योगिनीनं बाईचा हात पाहिला. मनगटाच्या वर दोन खुणा होत्या आणि भोवती काळपट सूज चढत होती. पण तिचं लक्ष हातापेक्षा चेहऱ्याकडं होतं. द्वारकाबाईच्या पापण्या अर्ध्या मिटल्या होत्या.

"द्वारकाबाई, माझ्याकडं बघा. डोळे उघडा."

"उघडंनात," द्वारकाबाई म्हणाली. आवाज नाकातून आल्यासारखा, जड येत होता. "जीभ बी... वळंना."

योगिनीला पुढचं सगळं माहीत होतं. आधी पापण्या, मग जीभ, मग मान, मग छाती. नागाचं विष माणसाला बेशुद्ध करत नाही, ते अंगातली एकेक दोरी सोडवत जातं. छातीची दोरी सुटली की श्वास थांबतो. त्या वेळी दुसऱ्या कुणीतरी श्वास द्यायचा असतो, दोन-तीन दिवस, विष ओसरेपर्यंत. तेवढं केलं की माणूस पहिल्यासारखा उठून बसतो. साप चावलेल्या कितीतरी लोकांना तिनं याच खोलीत मशीनवर ठेवलं होतं आणि चालत घरी पाठवलं होतं.

"सिस्टर, सलाईन लावा. फ्रिजमधलं सापाचं औषध काढा, असेल तेवढं."

रत्नमाला सिस्टर हॉस्पिटल उघडलं तेव्हापासून इथं होत्या. पगार अर्धा झाला तरी त्या गेल्या नव्हत्या. त्यांनी फ्रिज उघडला. "निम्माच डोस आहे मॅडम. मागच्या वेळचं उरलेलं."

"तेवढा सुरू करा. बाकीचा पुढं मिळेल."

औषध थेंब थेंब जाऊ लागलं. योगिनीनं दुसरी इंजेक्शनं दिली. थोडा वेळ पापण्या वर आल्यासारख्या वाटल्या, पण लगेच पुन्हा मिटल्या. द्वारकाबाईच्या तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळायला लागली, तिला गिळता येईना. बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा ऑक्सिजनचा आकडा हळूहळू खाली येत होता. रत्नमाला सिस्टर सवयीनं कोपऱ्याकडं वळल्या आणि तिथंच थांबल्या. तिथं फरशीवर चाकांचे काळे ओरखडे होते, बाकी काही नव्हतं.

योगिनीनं द्वारकाबाईच्या घशातून श्वासनलिकेत नळी घातली. हे काम तिच्या हाताचं होतं, एका झटक्यात झालं. नळीला तिनं रबरी पिशवी जोडली आणि दाबायला सुरुवात केली. दाबली की छाती वर यायची, सोडली की खाली. आकडा पुन्हा चढला.

"बरी झाली का?" सांडूनं दारातून विचारलं.

"श्वास मी देतेय बाबा. मी थांबले की थांबेल. यांना मशीनवर ठेवायला पाहिजे, आणि मशीन आता आमच्याकडं नाही."

सांडूनं मान हलवली. त्याला समजलं की नाही, ते कळलं नाही.

एका हातानं पिशवी दाबत योगिनीनं शहराच्या अलीकडच्या एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलला फोन लावला. हो, व्हेंटिलेटर रिकामा आहे, पलीकडचा माणूस म्हणाला. आणा. फक्त ॲडव्हान्स भरावा लागेल. योगिनीनं सांगितलं, पेशंट गरीब आहे, योजनेत बसेल, तोवर मी जबाबदारी घेते. पलीकडचा माणूस जरा थांबला, मग नरमाईनं म्हणाला, "मॅडम, आम्ही योजना सोडली. तुम्हाला तर माहितीये पैसे कसे येतात ते. आणि तुमच्याकडून आधी आलेल्या दोन पेशंटचं बिल अजून तसंच आहे. मला वरून परवानगी नाही हो."

"किती पाह्यजे त्यांना?" मुंजाबानं विचारलं. त्यानं सगळं ऐकलं होतं.

तिनं आकडा सांगितला.

"मेंढरं इकतो," तो म्हणाला. "बाप्पू, मेंढरं इकू."

"इक," सांडू लगेच म्हणाला. "पर घ्याला गिऱ्हाईक तर पाह्यजे. आत्ता, या घडीला कोन घेईल?"

योगिनीनं घाटीला फोन केला. सरकारी दवाखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, पण तिथं ॲडव्हान्स लागत नव्हता. ड्यूटीवरच्या डॉक्टरनं फार विचारलं नाही. घेऊन या, आम्ही तयार राहतो, एवढंच म्हणाला.

अँब्युलन्स कडुबा चालवायचा. त्यानं गाडी मागं घेतली. द्वारकाबाईला आत घेतलं. मुंजाबा चढला. योगिनीनं पिशवी सोडली नव्हती, ती तशीच वाकून चढली.

"तुम्ही पण चला बाबा," ती म्हणाली.

सांडूनं रस्त्याकडं पाहिलं. "मेंढरं मोकळी हायेत बाई. कुनी नाय तिथं. हमरस्त्यावर आली तं ट्रकाखाली जातील." त्यानं आत वाकून बायकोच्या पायाला हात लावला, आणि तसाच पाठमोरा होऊन पायीच निघाला. जरा गेल्यावर तो पळायला लागला.

गाडी पैठण रोडला लागली. रस्त्याचं काम चाललं होतं. एका बाजूचा रस्ता खणून ठेवलेला, दुसऱ्या बाजूनं दोन्हीकडची वाहनं. कडुबा सायरन वाजवत होता, पण पुढच्या ट्रकला बाजूला जायला जागाच नव्हती. योगिनी दाबत होती, सोडत होती. तिच्या मनगटाला कळ लागली.

"मुंजाबा, तुझ्या आईला सगळं ऐकू येतंय," ती म्हणाली.

त्यानं चमकून आईकडं पाहिलं. ती मेल्यासारखी पडली होती. डोळे मिटलेले, हात लोंबलेला.

"ऐकू येतंय? खरंच?"

"हो. ती शुद्धीत आहे. नुसतं हलता येत नाही. तिला भीती वाटत असेल. बोल तिच्याशी."

मुंजाबाला काय बोलावं ते सुचेना. तो आईच्या कानाशी वाकला. "माय, म्या हाय," तो म्हणाला. तिचा लोंबलेला हात त्यानं वर घेतला आणि म्हणाला, "कोकरू निघालं बरं का. बाप्पूनं काढलं. काही झालं नाय त्याला. बाप्पू मेंढरापाशी गेलाय, तू घोर करू नको. मॅडम हाय संगं."

द्वारकाबाईच्या मिटलेल्या डोळ्याच्या कडेतून पाणी आलं आणि कानाकडं ओघळलं. मुंजाबानं ते पाहिलं. त्यानंतर तो थांबला नाही. कारखान्यातलं, घरातलं, लहानपणीचं, जे आठवेल ते बोलत राहिला.

नक्षत्रवाडीच्या अलीकडं योगिनीचा हात आखडला. बोटं मिटेनात. तिनं दुसऱ्या हातानं दाबायचा प्रयत्न केला, पण गाडी हलत होती आणि त्या हातानं नळी धरायची होती.

"तुला जमेल," तिनं मुंजाबाला सांगितलं. "माझ्याकडं बघ. असं दाबायचं, छाती वर आली की सोडायचं. घाई नाही करायची. तुझा स्वतःचा श्वास चालतो त्या चालीनं."

त्यानं पिशवी हातात घेतली. दोन-तीन वेळा चुकला, मग त्याला लय सापडली. तो आईच्या छातीकडं टक लावून बघत दाबू लागला. त्याचं बोलणं थांबलं. योगिनीनं हात झटकले, बोटं चोळली आणि नळी गालाशी धरून ठेवली. घामानं तिथली चिकटपट्टी सुटत होती, तिनं ती पुन्हा दाबून लावली.

इटखेड्याच्या पुढं एका रिक्षावाल्यानं मधेच गाडी वळवली. कडुबानं ब्रेक मारला आणि अँब्युलन्सचं पुढचं चाक खणलेल्या चरात गेलं. मुंजाबा समोरच्या पत्र्यावर आदळला. योगिनी गुडघ्यावर पडली. गाडी वर आली, मुंजाबानं लगेच पिशवी धरली आणि दाबली. धक्का बसेपर्यंत त्यानं एकदाही खंड पडू दिला नव्हता. पण आता छातीऐवजी पोट वर आलं.

योगिनीला कळलं. नळी जागेवरून सरकली होती. हवा फुप्फुसात न जाता पोटात जात होती.

"थांब. दाबू नको. कडुबा, गाडी बाजूला घे."

तिनं नळी काढली आणि तोंडावर मास्क धरून श्वास द्यायला गेली. पण पोट हवेनं फुगलेलं होतं. त्यातलं सगळं वर आलं. द्वारकाबाईचं तोंड भरलं. गिळायची ताकद नव्हती, खोकायची नव्हती. अशा वेळी सक्शननं तोंड साफ करायचं असतं. ते मशीन बिघडलेलंच सीटखाली पडून होतं. योगिनीनं तरी बटण दाबून पाहिलं. काहीच आवाज आला नाही. तिनं द्वारकाबाईचं डोकं कुशीवर वळवलं, तिच्या लुगड्याच्या पदरानं, बोटांनी, जे हाताला येईल त्यानं तोंड मोकळं केलं. आकडा खाली गेला. मग चिमटा आकडाच दाखवेना.

नळी पुन्हा घालायला ती वाकली. आत घाण होती, काही दिसत नव्हतं. पहिल्यांदा जमलं नाही. पुसून, वाकून, दुसऱ्यांदा गेली. तोवर मनगटातली नाडी लागेनाशी झाली होती. तिनं मुंजाबाच्या हातात पिशवी दिली आणि स्वतः छाती दाबायला लागली. कडुबा मागचं दार उघडून उभा होता. शेजारून लोक मोटारसायकली हळू करून आत डोकावत होते.

नाडी परत आली. आधी बारीक, मग नीट. आकडा चढला, छाती पुन्हा वर-खाली होऊ लागली.

"आली?" मुंजाबानं विचारलं.

"आली."

"मग चला," तो म्हणाला, आणि पिशवी दाबत राहिला. चाल चुकत नव्हती.

मधे मेंदूला हवा न मिळता किती वेळ गेला होता ते योगिनीनं मोजलं नव्हतं. मोजायची गरज नव्हती. भूलतज्ज्ञाला तो वेळ अंगानं कळतो.

महानुभाव आश्रम चौक, स्टेशन, बाबा पंप, मिल कॉर्नर, भडकल गेट. घाटीच्या दारात स्ट्रेचर तयार होतं. दोन तरुण डॉक्टर धावत आले, त्यांनी द्वारकाबाईला आत नेलं आणि मशीनला जोडलं. उरलेलं औषध सुरू केलं. योगिनीनं त्यांना सगळं सांगितलं, नळी निघाल्याचंही सांगितलं. त्यांच्यातल्या एकानं तिच्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

रामप्रसाद ऑफिसातून परस्पर तिथं आला. योगिनी बाहेरच्या कट्ट्यावर बसली होती. तिच्या कपड्यांना वास येत होता. तो शेजारी बसला.

"साहेब भेटले नाहीत," तो म्हणाला. "मीटिंगला गेले होते. सोमवारी या म्हणाले." मग त्यानं विचारलं, "वाचेल?"

"जगेल," योगिनी म्हणाली.

त्याला फरक कळला.

तसंच झालं. विष ओसरलं. तीन-चार दिवसांत द्वारकाबाईच्या पापण्या उघडल्या, हातपाय हलायला लागले, श्वास तिचा तिला घेता येऊ लागला. नळी काढली. मुंजाबानं फोन करून सांगितलं तेव्हा त्याचा आवाज आनंदानं फुटत होता. पण दोन दिवसांनी त्यानं पुन्हा फोन केला. माय डोळे उघडे ठेवून नुसती बघते, म्हणाला. बोलत नाय. बाप्पू म्होरं उभा ऱ्हायला तरी वळखत नाय. थकली असंल ना मॅडम?

"बघू या," योगिनी म्हणाली.

द्वारकाबाईला घरी पाठवलं तोपर्यंत दिवाळी जवळ आली होती. इकडं हॉस्पिटलमध्ये आवराआवर चालली होती. रामप्रसादला शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये पगारावर काम मिळालं. चितेगावला फक्त सकाळची ओपीडी ठेवायची, असं ठरलं. रत्नमाला सिस्टरला दुसरीकडं जागा बघून दिली. जाताना त्या कॅज्युअल्टीच्या खोलीची फरशी धुऊन गेल्या. आता कशाला, असं योगिनी म्हणाली, तर म्हणाल्या, घाण ठेवून जाऊ नये.

एका सकाळी ओपीडीत सगळ्यात शेवटी मुंजाबा आला. हातात दुधाची बरणी होती. "बकरीचं हाय," तो म्हणाला. "तुम्ही व्हत्या म्हणून माय हाय. नायतर त्याच दिशी गेली असती."

योगिनीनं बरणी घेतली.

तो जाईना. पुढ्यातल्या स्टुलावर बसला. "एक इचारू का मॅडम? खरं सांगताल?"

"विचार."

"तव्हा फुगा माह्या हातात व्हता. गाडी आदळली तव्हा. घाटीत डाक्टर एकमेकात बोलत व्हते, मधी हवा बंद झाली म्हणून असं झालं. माह्यानंच झालं का ते?"

"नाही."

"मला बरं वाटावं म्हणून बोलू नका."

"नाही रे मुंजाबा. तू मला जमलं नसतं असं काम केलंस. नळी गाडीच्या धक्क्यानं निघाली. कुणाच्याही हातात असती तरी निघाली असती. मुळात अशा पेशंटला असं हातानं श्वास देत इतकं लांब न्यायचंच नसतं. इथं मशीन असतं तर गाडीत घालायची वेळच आली नसती. इथंच, या शेजारच्या खोलीत त्यांना झोपवलं असतं. औषध मागवून घेतलं असतं. चार दिवसांनी त्या..."

ती थांबली. पण तो समजला होता.

"चालत घरी आली असती," त्यानं वाक्य पुरं केलं.

"हो."

त्याच्या मनावरचा एक धोंडा काढायला आपण गेलो आणि दुसरा ठेवला, हे तिला त्याच्या तोंडाकडं बघून कळलं. त्यानं शेजारच्या खोलीच्या दाराकडं पाहिलं.

"मग मशीन कुठं गेलं?"

"कंपनीनं परत नेलं. हप्ते थकले होते."

"काहून थकले?"

"आम्ही उपचार केले त्याचे पैसे सरकारकडून यायचे होते. आले नाहीत."

"काहून आले नाय?"

"फायली अडकल्या."

"कुनी अडकवल्या?" तो चिडून विचारत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "त्याचं नाव सांगा. म्या जाऊन भेटतो. मारायला नाय जात. मायला संगं नेतो, नुसतं दाखवतो त्याला."

योगिनीनं आठवून पाहिलं. टेबलामागची माणसं तिला आठवली. त्यातला एक बदलून गेला होता. एक म्हणायचा, माझ्या हातात नाही, वरून येतं. वरचा म्हणायचा, निधीच आला नाही.

"माझ्याकडं नाव नाही," ती म्हणाली.

मुंजाबानं मान हलवली. त्याचा बाप हलवतो तशीच. "येऊन बघा एकदा तिला," तो म्हणाला. "बाप्पू वाट बघतो तुमची. म्हणतो, बाई आल्या तं सांगतील कव्हा नीट व्हईल ते."

ती त्याच्यासोबतच गेली. मेंढरं त्याच प्लॉटवर होती. गवत आता वाळून पिवळं पडलं होतं. कुंपणाच्या भिंतीच्या सावलीत घोंगडी अंथरून द्वारकाबाईला बसवलं होतं, पाठीला गवताचा भारा लावून. केस विंचरलेले, कपाळावर कुंकू, लुगडं स्वच्छ. सांडूच सगळं करतो, मुंजाबानं सांगितलं. सून करायला जाते, पण तो करू देत नाही.

सांडूनं योगिनीला पाहिलं आणि काठी टाकून आला. "बाई, या. बसा." बसायला काही नव्हतं, त्यानं आपलं उपरणं झटकून घोंगडीच्या कडेला टाकलं.

योगिनी द्वारकाबाईसमोर बसली. तिचे डोळे उघडे होते, आणि त्या डोळ्यांतून कुणी बाहेर बघत नव्हतं. योगिनीनं हाक मारली. हाक कुठंच पोचली नाही. मग तिनं आपलं बोट द्वारकाबाईच्या तळहातावर ठेवलं, आणि द्वारकाबाईची बोटं हळूहळू मिटली आणि तिचं बोट घट्ट धरलं गेलं.

"धरलं," सांडू म्हणाला. त्याचा चेहरा उजळला. "पाह्यलं का बाई? माहं बी धरती असंच. कालच्याला तं सोडूच देईना. म्या म्हणलं या पोराला, वळख यायली तिची."

योगिनीला माहीत होतं. नुकतंच जन्मलेलं मूल असंच बोट धरतं. तळहाताला काही लागलं की मूठ मिटते, त्यात ओळख नसते, इच्छा नसते. मेंदूचा वरचा भाग गेला की माणसाच्या हाताला हे पुन्हा येतं. ती मुंजाबाकडं बघू शकली नाही. तो तिच्याच तोंडाकडं बघत होता, आणि त्याला बहुतेक कळलं होतं.

"व्हईल ना मग नीट?" सांडूनं विचारलं. "थंडी सरेपर्यंत?"

"वेळ लागतो बाबा," ती म्हणाली.

"लागू द्या. वक्ताचं काय नाय. म्या हाय ना." तेवढ्यात दोन मेंढरं रस्त्याच्या बाजूला सरकताना त्याला दिसली. त्यानं काठी उचलली आणि हाळी देत तिकडं गेला.

मुंजाबा भिंतीला टेकून उभा होता. योगिनीला बोट सोडवून घेता आलं असतं. तिनं ते तसंच राहू दिलं. सांडू पलीकडं मेंढरं वळवत होता आणि मधूनमधून इकडं बघून हात हलवत होता.